घोरपडीची बारा मापे

सागाच्या एका दाट जंगलात एक कोल्हा राहत असे आणि तो बाराही महिने दमलेला असे. मुलांनो, कोल्हा म्हटले की तुम्हाला लगेच लबाडी आठवते. पण या कोल्ह्याला लबाडी करायला वेळच मिळत नसे. त्या जंगलाचा बास्केटबॉलचा एक संघ होता. उंच सागाला वेताची टोपली टांगायची आणि तिच्यात चेंडू टाकायचा, तुम्ही शाळेच्या मैदानावर खेळता अगदी तसाच खेळ. संघात कोणाला घ्यायचे, कोणाला ठेवायचे आणि कोणाला हंगामाचा किती वाटा द्यायचा, हे सारे कोल्हा ठरवी. पावसाळा संपला की सामने सुरू होत आणि ऊन तापू लागले की संपत. मग खेळाडू सावलीत पाय पसरून झोपत आणि कोल्ह्याचे काम सुरू होई. "खेळणारे दमत नसतील एवढा मी बसल्या जागी दमतो," असे तो म्हणे. ते खरेच होते.

वाटा सुक्या बोरांत मोजला जाई. एका संघाने एका हंगामात शंभर मापांच्या वर बोरे वाटायची नाहीत, असे सगळ्या जंगलांनी मिळून ठरवले होते. तसे नसते तर ज्या जंगलात बोरी जास्त, तेच दर वर्षी जिंकले असते. सगळ्या संघांचे हे शंभर मोजण्याचे काम एका मुंगीकडे होते. तिला दया नव्हती, राग नव्हता आणि सुट्टीही नव्हती. दर संघामागे वडाच्या एका मोठ्या पानावर ती प्रत्येक खेळाडूचे नाव आणि त्याचे माप कोरून ठेवी. मागच्या उन्हाळ्यात कोल्ह्याने एका तरसाला तीन हंगामांसाठी नऊ नऊ मापे कबूल केली होती. पहिल्याच सामन्यात त्या तरसाचा पाय मोडला. तेव्हापासून ते मैदानाच्या कडेला बसून बोरे खाई आणि खेळणाऱ्यांना सल्ले देई, पण त्याची नऊ मापे पानावर जशीच्या तशी होती. ते पान नजरेस पडले तरी कोल्ह्याचे डोके दुखू लागे.

याच संघात एक घोरपड होती. अकरा हंगाम ती इथे खेळली होती. इतक्या वर्षांत तिने चार-पाच वेळाच चेंडू टोपलीत टाकला असेल. तिचे काम वेगळे होते. समोरच्या संघातला सगळ्यात चांगला खेळाडू गाठायचा आणि त्याला चिकटून राहायचे. ती एकदा चिकटली की तो बिचारा उडी मारायचेच विसरून जाई. वानरे झाडांवर बसून टाळ्या पिटत, पण त्या चेंडू टाकणाऱ्यांसाठी; घोरपडीकडे कोणाचे लक्ष नसे. तिला हंगामाची बारा मापे मिळत आणि तिने कधी तेरावे मागितले नाही. खरे तर तिला बोरे आवडतही नसत.

यंदाच्या उन्हाळ्यात घोरपडीचा करार संपला. नेमक्या त्याच वेळी माळरानावरच्या एका काळविटाचाही करार संपला आणि सगळ्या वानरांनी कोल्ह्यापाशी धोशा लावला, "काळवीट आणा! काळवीट आणा!" काळवीट उडी मारी ती थेट टोपलीच्या वर. त्याच्या वतीने बोलणी करायला एक कावळा येई. काळवीट चाळीस मापांच्या खाली बोलायचा नाही, असे कावळ्याने पहिल्या दिवशीच सांगून टाकले.

कोल्हा पानासमोर बसला. बाकीच्यांची मिळून साठ मापे झाली होती, तरसाची नऊ त्यातच धरून. घोरपडीच्या नावापुढे अजून बारा होती. उरत होती अठ्ठावीस.

"हिचा करार तर संपलाय," कोल्हा मुंगीला म्हणाला. "मग ही बारा मापं अजून इथे कशी?"

"तीन हंगाम राहिला तो घरचा खेळाडू," मुंगी म्हणाली. "घरच्याला तुम्ही शंभराच्या वर जाऊनही ठेवू शकता, एवढी सवलत आहे. पण त्याचं ठरेपर्यंत त्याचं जुनं माप जागा अडवणार."

"आणि नाव खोडलं तर?"

"तर जागा मोकळी. पण खोडलं की तो परका झाला. सवलत गेली, आणि परक्याला सात दिवसांत कुठला ना कुठला संघ गाठावा लागतो. नाहीतर पूर्ण हंगाम बसून काढायचा."

कोल्ह्याने डोळे मिटून हिशेब केला. घोरपडीचे नाव खोडले तर बरोबर चाळीस मोकळी होतात. तेवढ्यात काळवीट येतो. मग त्या तरसाच्या हातापाया पडून त्याची नऊ सोडवून घ्यायची आणि तेवढ्यात घोरपडीला परत बोलवायचे. तिला तीन मापे कमी मिळतील खरी, पण ती काही बोलणार नाही. ती कधीच काही बोलत नाही.

"काळविटाच्या खुराचा ठसा आधी आणा," मुंगी म्हणाली. "ठसा उमटवू आणि त्याच वेळी नाव खोडू. आज घाई कशाला?"

वरच्या फांदीवरून कावळ्याने मान वाकडी केली. "आमचा काळवीट मानी आहे हो. मोकळी जागा दिसल्याशिवाय तो माळ सोडायचा नाही. शब्द दिलाय त्याने. आता तुम्हीच घोळ घालत बसलात तर मी काय करणार?"

कोल्ह्याला मुंगीचे म्हणणे पटत होते. पण महिनाभर तो हेच दळण दळत होता. सकाळी संघातल्या गव्याची तक्रार, दुपारी वानरांचा आरडाओरडा, संध्याकाळी कावळा. हा विषय एकदाचा संपावा, एवढेच त्याला वाटत होते. मला त्याची कीव येते, आणि रागही येतो.

तो घोरपडीकडे गेला. ती आपल्या नेहमीच्या खडकावर ऊन खात पडली होती.

"घोरपडताई, जरा थांबावं लागेल गं. तुझं मी सगळ्यात शेवटी बघतो."

"दर वर्षी शेवटीच बघतोस," घोरपड म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

"यंदा नाव खोडावं लागतंय. नुसतं पानावरचं. काळवीट आला की तुला परत घेतोच."

घोरपडीने एक डोळा उघडला. "कोल्हेदादा, माझं वय झालंय. एक हंगाम घरी बसले तर पुढच्या वर्षी मला कोण विचारणार? माझं खेळणं तिथंच संपलं."

"मी आहे ना! चार दिवसांत बोलावतो."

"बरं," घोरपड म्हणाली आणि तिने डोळा मिटला.

कोल्ह्याने मुंगीला नाव खोडायला सांगितले. मुंगीने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि खोडले. कावळ्याने मोकळी जागा दोनदा नीट निरखून पाहिली आणि तो माळाच्या दिशेने उडाला.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "निघतोच आहे." चौथ्या दिवशी घोरपडीला बोलवायचे ठरले होते. पण तिला सांगणार काय? तरस नऊ मापे सोडायला तयार नव्हते आणि काळविटाचा पत्ता नव्हता. काहीतरी पक्के हाती येऊ दे, मग जाऊ, असे म्हणत कोल्ह्याने तो दिवस घालवला. पाचवा आणि सहावाही तसाच गेला. घोरपडीचा खडक कोल्ह्याच्या बिळापासून हाकेच्या अंतरावर होता, पण त्या वाटेने जायचे तो टाळू लागला.

सातव्या दिवशी भर दुपारी कावळा आला. तो खुशीत दिसत होता. "काळवीट नदीकाठच्या जंगलात गेला," तो म्हणाला. "पंचेचाळीस मापं दिली त्यांनी."

कोल्हा ओरडला, "अरे, पण त्याने शब्द दिला होता!"

"दिला होता ना. तुमची चाळीस मोकळी झालेली मी त्यांच्या कानावर घातली, म्हणून तर ते पंचेचाळीसवर आले. तुमचे फार उपकार झाले." आणि कावळा उडून गेला.

कोल्हा धावत सुटला. खडक रिकामा होता. तसाच तो डोंगराच्या वाटेला लागला. त्या वाटेच्या तोंडाशी मुंगी एक हिरवे पान सावरत उभी होती आणि त्या पानावर घोरपडीच्या पंजाचा ताजा ठसा होता. घोरपड शेजारीच उभी होती.

"डोंगरापलीकडच्या संघाने सकाळी विचारलं," ती म्हणाली. "आठ मापं देतायत."

"आठ?" कोल्ह्याला धाप लागली होती. "अगं, माझ्याकडे चाळीस आहेत! चाळीस! सगळीच्या सगळी तुला देतो, चल परत!"

"चार दिवस म्हणाला होतास. मी सहा दिवस त्या खडकावरून हलले नाही. वाटलं, येशील. माझी अंडी इथल्या वारुळात आहेत, कोल्हेदादा. हौस म्हणून कोण जातंय?"

"मला एकदा विचारायचंस तरी!"

"कुठल्या नात्याने विचारणार होते? नाव तूच खोडलंस ना?"

कोल्हा मुंगीकडे वळला. "हे रद्द नाही का करता येत?"

"ठसा उमटला," मुंगी म्हणाली. मग, कोणी विचारले नसताना, ती हळूच म्हणाली, "घरची असती तर शंभराच्या वरही ठेवता आली असती." एवढे बोलून तिने पान उचलले आणि ती पुढच्या कामाला लागली.

कोल्ह्याला रडू आले. चाळीस मापे बोरे मोकळी पडली होती, आणि ज्यांना ती द्यावीत असे वाटावे ते दोघेही आता दुसऱ्यांचे झाले होते. घोरपडीलाही वाईट वाटले. तिने आपले शेपूट क्षणभर त्याच्या पाठीवर टेकवले.

"पुढच्या वेळी या मैदानावर येईन ती तुमच्यातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला चिकटायला," ती म्हणाली. "कोण आहे रे आता तुमच्यात चांगला?"

कोल्ह्याने बराच वेळ विचार केला. त्याला एकही नाव सुचले नाही. घोरपडीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ती सावकाश डोंगर चढू लागली.

तात्पर्य : जो तक्रार न करता थांबतो, त्याचेच सगळ्यात आधी पाहावे; येईन म्हणणाऱ्याच्या भरवशावर आपल्यापाशी असलेल्याचे नाव खोडू नये. आणि मुलांनो, फार दमलेले असाल त्या दिवशी तर कोणाचेच नाव खोडू नका.