चार बोटं माया

गंगाराम पतंगे मास्तरांच्या टेलरिंगच्या दुकानात आता एकच गिऱ्हाईक उरलं होतं, व्यायामशाळेचे मालक जगदाळेसाहेब. बाकी गाव रेडीमेडवर गेलं होतं. साहेब आले की मास्तर दोन चहा सांगायचे. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं.

बाजारच्या दिवशी साहेबांनी चौकात पोट कमी करायचं यंत्र मांडलं. "रोज दहा मिनिटं, महिन्यात पोट सपाट! मी स्वतः हेच वापरतो," श्वास रोखून ते गरजले. त्यांची शिवलेली पँट द्यायला मास्तर तिथं आले, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवून साहेब म्हणाले, "बघा, एकट्यानं बसून बसून पोटाचा कसा नगारा झालाय!"

गर्दी हसली. मास्तरांनी शांतपणे पँट उलटी केली आणि कमरेच्या शिवणीत दुमडलेलं जादा कापड सगळ्यांना दाखवलं.

"साहेब, यंत्रानं पोट आत जाणार होतं, तर मग माप देताना 'कमरेला चार बोटं माया ठेवा, पुढं वाढवावी लागेल' असं का म्हणालात?"

साहेबांचा रोखलेला श्वास सुटला आणि पोट भर चौकात बाहेर आलं. एकच हशा पिकला.

संध्याकाळी मास्तरांनी सवयीनं दोन चहा सांगितले. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचा कप तसाच निवत राहिला.