हद्दीचा दगड आणि गुलबक्षीची परी

टिंग... टप... टिंग.

फार वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्या वाडीच्या शाळेचं छप्पर गळायचं. आम्ही मुलं आपापल्या जेवणाच्या थाळ्या गळतीखाली मांडायचो आणि पाढे म्हणता म्हणता थाळ्या वाजायच्या.

त्या शाळेत सगुणा होती. तिला एकच परकर, तोही ठिगळांचा. नुकतंच कुठे तिला जोडाक्षर वाचता येऊ लागलं होतं. पण गुरुजी म्हणाले होते, यंदा छप्पर टिकलं नाही तर शाळा बंद होईल. मग सगुणाला शेळ्यांमागे जावं लागणार होतं.

ओढ्यापलीकडे शहराची शाळा होती. लाल लाल कौलांची, निळ्या दारांची. सरकारची सामानाची बैलगाडी दरवर्षी यायची. पण ओढ्याकाठी शहराच्या हद्दीचा पांढरा दगड होता. तो दिसला की गाडीवान हैबतीकाका सगळं सामान त्या शाळेत उतरवायचे नि बैल वळवायचे. आमच्या वाट्याला वर्षाला खडूची एक पेटी.

एक दिवस सगुणाच्या थाळीत थेंबाबरोबर काहीतरी गुलाबी पडलं. बोटाएवढी परी, पंख भिजून चिकटलेले. सगुणाने तिला परकराच्या टोकाने हलकेच टिपलं, फुंकर घालून वाळवलं आणि घरी पोचवलं. परीचं घर म्हणजे हद्दीच्या दगडाला बिलगलेली गुलबक्षी. संध्याकाळ होत होती. गुलाबी, पिवळी, पांढरी इवली फुलं एकेक करून उमलत होती.

"तीन गोष्टी माग, बाळ," परी म्हणाली. "पण मी नवं काही घडवत नाही. इकडचं तिकडे नेते, एवढंच. तिसरी गोष्ट दिली की माझा आवाज जाईल, आणि काम झालं की मीही जाईन."

सगुणाने छप्पर मागितलं. ते कुठून येईल, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

सकाळी आमच्या शाळेवर लाल कौलं चमकत होती. थाळ्या गप्प झाल्या. आम्ही अंगणात नाचलो. दुपारी सगुणा ओढ्यावर गेली तर पलीकडे शहराच्या शाळेतली चिमुकली नजमा ओली पाटी पुसत बसली होती. सगुणाने काय झालं म्हणून विचारलं.

"आमच्या वर्गात आभाळ आलंय," नजमा म्हणाली.

सगुणा तशीच गुलबक्षीपाशी गेली. "परीताई, कौलं परत ने."

"तुझी थाळी पुन्हा वाजेल."

"वाजू दे. नजमाची थाळी लहान आहे."

दुसरी गोष्ट अशी संपली. मग परीने हळूच सुचवलं, दगड तुमच्या वाडीच्या पलीकडे सरकवू का? सगुणाला त्याहून पुढची डोंगरवाडी आठवली. तिथल्या शाळेला तर भिंतीही नव्हत्या. दगड सरकला तर ती पोरं बाहेरच राहणार.

ती म्हणाली, "दगड ओढ्यात ठेव. लहान पोरांना पाय ठेवून ओलांडता येईल."

परी हसली. त्या हसण्याला आवाज नव्हता.

आठ दिवसांनी गाडी आली. हैबतीकाकांनी काठावर दगड शोधला, दिसेना; ओढ्यात चिखलाने माखलेला तो त्यांना ओळखू आला नाही. गाडी पाण्यातून थेट आमच्या दारात. गुरुजींनी आश्चर्याने विचारलं, तर काका मान खाजवत म्हणाले, "दगड दिसेपर्यंत जायचं, एवढंच मला सांगितलंय."

पुढे किती शाळा लागतील त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून नजमाच्या शाळेपासून डोंगरवाडीपर्यंत प्रत्येक दारात त्यांनी थोडं थोडं उतरवलं. आम्हाला कौलं मिळाली. सगुणाला कोरं करकरीत पुस्तक मिळालं, आणि ओढ्यातल्या दगडावर बसून तिने नजमाला त्यातली पहिली गोष्ट वाचून दाखवली. जोडाक्षरांसकट.

संध्याकाळी गुलबक्षी उमलली तेव्हा काठावर सोनेरी उजेड पसरला. परी फुलातून उतरली. तिने सगुणाच्या रिकाम्या थाळीवर बोट टेकवलं. टिंग. मग दगडावर एक पाऊल ठेवून ती त्या उजेडात चालत गेली.