लिंबाजीने सासरा चेक केला

भरवसा कोणावर ठेवावा, हुशारावर की भोळ्यावर? घाई नको, आधी ऐका.

एका गावात एक भोळा भाचा होता, लिंबाजी. मामाच्या, म्हणजे मन्मथआप्पांच्या, किराणा दुकानात कामाला. "वर्षभर दुकान नीट सांभाळ, गंगा तुला देतो," असा आप्पांचा शब्द. गंगा आप्पांची लेक. लिंबाजीचा सगळा जीव त्या शब्दात अडकलेला.

आप्पा तालुक्याहून एक इंग्रजी शब्द शिकून आले होते. चेक. शब्द एवढासा, कामं पन्नास.

कुंभाराने मडकी आणली. आप्पा म्हणाले, "चेक करून घे." लिंबाजीने डोळे भरून पाहिली नि ठेवून घेतली. निम्मी गळकी निघाली.

"लिंब्या, टिचकी मारून आवाज ऐकायचा असतो."

"बरं मामा."

मग गुळाच्या ढेपा आल्या. लिंबाजीने टिचक्या मारल्या नि गाडी परत धाडली. "सगळ्या फुटक्या, मामा. एक वाजेल तर शपथ."

"अरे, गूळ चाखायचा असतो."

"बरं मामा."

पुढं साबण आला. लिंबाजी तोंडाला फेस आणून म्हणाला, "कडू आहे. कोण खाणार?"

"साबणाचा वास घ्यायचा, गाढवा."

मग पेरणीचं बियाणं आलं. लिंबाजीने हुंगलं, छान वाटलं, घेतलं. पोत्यात नुसती टरफलं. आप्पांनी कपाळ बडवलं. "पाण्यात टाकून बघायचं रे. पोचट असतं ते तरंगतं, भरीव तळाला बसतं."

"बरं मामा."

वर्ष सरलं. सुपारी फोडायची ठरली. आईने लिंबाजीला बाजूला घेतलं. "माझा सख्खा भाऊ आहे, तरी सांगते. सासरा आधी चेक करून घे. मागनं रडू नको."

"बरं आई."

सकाळी आप्पा विहिरीच्या काठावर दात घाशीत उभे होते. लिंबाजीने वाकून पाया पडून घेतलं, मग ढकलून दिलं.

आरडाओरड ऐकून गाव जमलं. आप्पा पट्टीचे पोहणारे. भसकन वर आले नि तरंगत शिव्या मोजू लागले. लिंबाजी काठावर मटकन बसला. डोळ्यांत पाणी.

"आई, सुपारी मोड. गंगा सोन्यासारखी आहे गं, पण मामा पोचट निघाले."

काठावर सगळी आप्पांचीच गिऱ्हाइकं. रोज त्यांच्या तागडीतलं छटाकभर कमीच सामान घरी नेणारी. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोर आणायची कुणी घाई केली नाही.

तेव्हा मंडळी, हात जोडून एवढंच मागणं, हिशेब चोख ठेवा. विहिरी गावोगावी आहेत, आणि भाचेही.