पोशीबायची हाक

फार फार वर्षांपूर्वी, विलायती शिडाची जहाजं मिरी आणि कापूस भरून आपल्या समुद्रातून जात, त्या काळातली ही गोष्ट. भाटखोल बंदरात पोशीबाय नावाची कोळीण राहायची. तिचा आवाज एवढा दांडगा, की तिने बाजारात "बांगडे घ्या, बांगडे" म्हटलं की खाडीपलीकडच्या गावातल्या बाया टोपल्या घेऊन निघायच्या, असं म्हणतात. तिचा नवरा धाकू नाखवा कानाला फडकं बांधून जेवायला बसायचा. शेजारणी तोंडावर काही बोलत नसत, पण दुपारी पोशीबायचा डोळा लागला की सगळी आळी सुखावायची. तिला ते ठाऊक होतं, आणि आतून लागायचंही.

एका मार्गशीर्षात सकाळी असं धुकं पडलं, की आपलाच हात आपल्याला दिसेना. त्याच वेळी एक व्यापारी जहाज बंदराबाहेरच्या बुडीत खडकावर चढलं. लाकूड मोडल्याचा कडकडाट गावभर ऐकू आला. खलाशी होड्यांत उतरले, पण किनारा कुठल्या अंगाला ते त्यांना कळेना. त्यातच ओहोटी लागलेली. पाणी त्या होड्यांना खडकांच्या रांगेकडे ओढायला लागलं. गावाने मशाली पेटवल्या, त्या चार पावलांवरून दिसेनात. ढोल बडवले, तर आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटे.

तेव्हा धाकू नाखवा बायकोकडे वळला. "पोशे, आता तूच हाक मार."

"त्यांची भाषा मला कुठे येते? काय म्हणू?"

"रोज म्हणतेस तेच म्हण."

पोशीबाय टोकाच्या खडकावर चढली आणि तिने बांगड्यांची हाळी दिली. त्या हाळीने धुकं मधोमध फाटलं आणि पाण्यावर पायवाटेएवढी उजेडाची रेघ उमटली, असं म्हणतात. ती दम घ्यायला थांबली की धुकं पुन्हा मिटायचं. मग ती थांबलीच नाही. बांगडे झाले, सुरमई झाली, कोळंबी झाली, बोंबील झाले. माशांची नावं संपली तेव्हा तिने सगळ्या नणंदांची नावं घेतली. घशात मीठ चोळल्यासारखं झोंबत होतं. खेकडे बिळांतून वर येऊन ऐकत बसले, असं म्हणतात.

दुपारपर्यंत त्या रेघेवरून सहा होड्या आल्या आणि एक्केचाळीस माणसं सुखरूप किनाऱ्याला लागली. पहिला गोरा खलाशी वाळूवर उतरला, त्याने टोपी काढली आणि धाकू नाखव्याला म्हणाला, "बांगडे." त्याला वाटलं, या गावात रामराम असाच करतात. गावाने मग सगळ्यांना खरोखरच बांगडे-भात वाढला.

पोशीबायचा आवाज मात्र पार बसला. कप्तानाने दुभाष्याकडून विचारलं, बाईंना काय हवं? तिला बोलता येईना. वाहून आलेली जहाजाची डोलकाठी वाळूत पडली होती, तिच्याकडे तिने बोट दाखवलं. गावकऱ्यांनी ती मासळी बाजारात रोवली, वर छप्पर घातलं, आणि उन्हात बसणाऱ्या कोळणींना पहिल्यांदा सावली मिळाली.

तीन महिने पोशीबाय गप्प होती. आळी शांत झाली आणि कुणालाच झोप लागेना. शेजारणी रोज ज्येष्ठमध आणि आल्याचा काढा घेऊन यायला लागल्या. धाकू नाखव्याने कानाचं फडकं चुलीत घातलं. शिमग्याच्या सकाळी ती त्या छपराखाली टोपली घेऊन बसली, तोंड उघडलं, आणि खाडीपलीकडच्या बाया धावत निघाल्या. शेजारणींनी पदराने डोळे पुसले, म्हणतात.

आता बोटींवर वायरलेस आहे, नाखव्यांच्या खिशात मोबाइल आहे. तरी धुकं पडलं की भाटखोलच्या बाया पोशीबायच्या खडकावर चढतात, तिचं नाव घेतात आणि आळीपाळीने माशांचे भाव पुकारतात. बोटी हाकेच्या रोखाने वळतात. आणि धक्क्याला लागल्या लागल्या नाखवे भांडायला उभे राहतात, की सुरमईचा भाव एवढा पाडून का सांगितला.