पाणी स्थिर होईपर्यंत

"डोळे मिटून फिल्म बघायची असते का, सर?"

इंद्रजितने हे हसतच विचारलं. पण आवाजातली धार लपली नाही.

ठोसर सरांनी डोळे उघडले नाहीत. "तू लाव. मी ऐकतो."

ठोसर सर आवाजाचे माणूस. उभं आयुष्य त्यांनी माहितीपटांसाठी आवाज टिपले, आणि पुढे मुलांना ते कसे टिपायचे हे शिकवलं. त्या मुलांत सगळ्यांत हुशार इंद्रजित. हे सरांना ठाऊक होतं आणि इंद्रजितला जरा जास्तच ठाऊक होतं. म्हातारपणी सर खाडीकाठच्या आपल्या गावी येऊन राहिले होते.

इंद्रजितचा माहितीपट याच खाडीतल्या डुबीवाल्यांवर होता. होडीतून बांबूला धरून तळाशी जायचं. श्वास कोंडून बादलीत रेती भरायची. भरली की दोरीला हिसका द्यायचा. होडीतला माणूस दोरी खेचतो, बादली वर येते आणि बादलीला धरून माणूस. मग पुन्हा खाली. ऊन चढेपर्यंत, भरती लागेपर्यंत, कान ठणकून रक्त येईपर्यंत.

शहरात ही फिल्म दाखवली तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आता ती परदेशातल्या एका महोत्सवाला जायची होती. त्याआधी इंद्रजित सरांचा आशीर्वाद घ्यायला आला होता.

आशीर्वाद कसला, शाबासकीच.

सरांनी हिराजीलाही बोलावून घेतलं होतं. फिल्मभर तोच होता. शेजारी त्याची बायको द्रुपदा, धुवट लुगड्यात, अवघडून बसलेली. भर दुपारी दारं-खिडक्या लावून भिंतीवर चादर ताणली होती.

फिल्म सुरू झाली.

स्वतःला एवढं मोठं बघून हिराजी आधी लाजला. मग गप्प झाला.

शेवटचं दृश्य आलं. हिराजी छाती भरून श्वास घेतो, बांबूवरून सरकत खाली जातो. पाणी मिटतं. बुडबुडे येतात... कमी होतात... थांबतात. सारंगी चढत जाते. पाणी आरशासारखं स्थिर. कुणी वर येत नाही.

"वर या!"

द्रुपदा उभी राहिली होती. पडद्याकडे बघत तिने शेजारी चाचपडून हिराजीचा दंड पकडला, आणि हातात आलेला माणूस जिवंत आहे हे कळल्यावर तिला रडूच फुटलं.

चादर काळी झाली. फिल्म संपली.

तिने पदर तोंडाला लावला, दार उघडलं आणि ती अंगणात गेली. हिराजी तिच्या मागून गेला.

इंद्रजितचे डोळे चमकले. "पाहिलंत, सर? नवरा शेजारी बसलाय, तरी तिला वाटलं तो बुडाला. एवढं कुणाला जमलंय?"

सरांनी आता डोळे उघडले.

"शेवटी सारंगी एकदम का चढवलीस?"

"ताण वाढावा म्हणून."

"ताण पाण्यात होताच. सारंगीच्या खाली काय आहे?"

"काही नाही. होडीवरचा गलका."

"ऐकव."

"सर, ते कच्चं ध्वनिमुद्रण आहे. कामाचं असतं तर..."

"इंद्रजित." सर हळू बोलले. "सारंगी बंद कर."

इंद्रजित लॅपटॉपपाशी गेला. त्याचा हात बटणाजवळ थांबला. दार उघडंच होतं. अंगणात द्रुपदा पायरीवर बसली होती, हिराजी तिच्याजवळ उभा होता.

"दार लावतो," इंद्रजित म्हणाला.

"राहू दे."

...

त्याने शेवटचं दृश्य पुन्हा लावलं. सारंगी नव्हती. पाण्याचा होडीला लागणारा चुबुक-चुबुक आवाज आला. हिराजीचा भरून घेतलेला श्वास. मग पाणी मिटलं.

मग एक आवाज.

"हिसका आला. खेचू?"

पाणी.

"साहेब, खेचू का? दोरी हालते..."

आणि दुसरा आवाज, दबका, कॅमेऱ्याला अगदी चिकटून :

"थांब. पाणी हलेल."

"साहेब, भावजी खाली हायेत..."

"अजून नाही, सोमा. पाणी स्थिर होऊ दे."

दृश्य संपलं. चादर पुन्हा काळी झाली.

अंगणातून पावलं वाजली. हिराजी दारात येऊन उभा राहिला. उजेड त्याच्या पाठीमागे होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

"मी हिसका दिला होता," तो म्हणाला. "परत दिला. वरून कुणी खेचेना. छाती फुटायला आली, तेव्हा बादली तळाशी सोडली आणि बांबू धरून वर आलो."

"हिराजी, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, या खेपेला जरा जास्त वेळ थांबा..."

"सांगितलं होतं. मी हो म्हनलं होतं. जास्त थांबलो, मग हिसका दिला. वर आल्यावर मी तुमाला विचारलं होतं, साहेब. सोमानं दोरी का नाय खेचली?"

इंद्रजित खाली बघत राहिला.

"तुमी काय म्हनलात?"

...

"बोला की."

"म्हणालो... माझं लक्ष कॅमेऱ्यात होतं."

द्रुपदा हिराजीच्या मागे येऊन उभी होती. आता ती रडत नव्हती. सोमा तिचा पाठचा भाऊ. चित्रीकरणाच्या दिवसांत ज्या माणसाला तिने आपल्या चुलीवरची गरम भाकरी वाढली होती, त्या इंद्रजितकडे ती बघत होती.

"माझा भाऊ सांगत होता," ती म्हणाली. "साहेबांनीच थांबवलं म्हनून. देवाची आन घेत होता."

"मी त्याला खोटारडा म्हनलो," हिराजी म्हणाला. "एवढा शिकलेला मानूस कशाला असं करील? त्याला म्हनलं, नजर दुसरीकडं होती तुझी, आता साहेबांच्या नावावर घालतोस. होडीवरून उतरवला त्याला. सगळ्या डुबीवाल्यांच्या देखत. ज्याच्या हातात मानसाचा जीव देऊ नये असा मानूस म्हनलो."

"तेव्हापासून त्याला कुनी दोरीवर घेत नाय," द्रुपदा म्हणाली. "माझ्या दारात पाय ठेवला नाय त्यानं. आईच्या वर्षश्राद्धाला मी खाडीपलीकडं माहेरी गेले, तर माझ्याशीसुद्धा बोलला नाय."

इंद्रजितने मान वर केली. "मला हे माहीत नव्हतं."

"तुमी परत कुठं आलात?" द्रुपदा म्हणाली.

हिराजी एक पाऊल आत आला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. इंद्रजित भिंतीला टेकला. सर जागचे हलले नाहीत. खोलीत चौघांच्या श्वासांशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मग हिराजीची मूठ सैल झाली.

"भरती कधी लागते?" त्याने बायकोला विचारलं.

"लागलीच आता."

"चल. होडी काढू. पलीकडं जायचं."

"भावाकडं?"

"पाय धरीन त्याचे. घेतलं घरात तर घेतलं."

द्रुपदाने पदर खोचला. सरांना नमस्कार करून ती निघाली. इंद्रजितकडे तिने बघितलं नाही.

अंगणाचं फाटक वाजलं. मग तेही थांबलं.

खोलीत दोघंच उरले. चादर अजून ताणलेलीच होती.

इंद्रजित म्हणाला, "मी ही फिल्म पाठवत नाही, सर."

सरांनी त्याच्याकडे बघितलं.

"पुसून टाकतो. सगळी. कच्चं चित्रीकरणसुद्धा. आत्ता, तुमच्यासमोर."

तो खरंच लॅपटॉपवर वाकला. त्याचे डोळे भरले होते. त्या क्षणी त्याला स्वतःविषयी थोडं बरंही वाटत असावं.

सर उठले. लॅपटॉपजवळ आले आणि त्यांनी आपला तळहात त्याच्या हातावर ठेवला. हात म्हातारा होता, पण जड होता.

"एवढं सोपं?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा."

"पुसलंस की सोमा काय दाखवील लोकांना?"

इंद्रजितचा हात सरांच्या हाताखाली तसाच राहिला.

"ज्यांच्यासमोर त्याला होडीवरून उतरवलं, त्यांच्यापुढे तो काय ठेवील? देवाची आण तर त्याने तेव्हाच घेतली होती."

...

"फिल्म चांगली आहे," सर म्हणाले.

इंद्रजितला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"चांगली आहे. त्या माणसाचा श्वास तू असा पकडलास की मला माझा सोडता येईना. पाठव. त्याआधी इथे दाखव, खाडीकाठी, सगळ्या डुबीवाल्यांना. पहिल्या रांगेत सोमाला बसव, तो आला तर."

"आहे तशी?"

"नाही. शेवटची सारंगी काढ."

इंद्रजित ताठ झाला. "सर, त्याखाली माझा आवाज आहे."

"हो."

"नावानिशी ओळखतील मला. इथेही, तिथेही. पुन्हा मला कुणी कॅमेरा हातात देणार नाही."

"नाही देणार, कदाचित."

"आणि फिल्म? हे मी काय माझ्यासाठी बोलत नाही, सर. ती त्यांच्या कष्टांवर आहे. एवढे महिने मी खपलो ते त्या माणसाचे हाल लोकांना दिसावेत म्हणून. शेवट असा केला तर..." त्याचा आवाज फाटला. "तर लोक हिराजीकडे बघणारच नाहीत. सगळे माझ्याकडेच बघत बसतील."

सरांनी चादरीची एक गाठ सोडली. दुसरी सोडली. चादर खाली आली आणि मागची ओल धरलेली भिंत दिसली.

"बघू देत," ते म्हणाले. "हिराजीला तेवढीच उसंत."