क्लचचा नट

एकदा एक चालक तक्रारीचा कागद खिशात घालून आपल्या वृद्ध गुरूकडे गेला. गुरू म्हणजे त्याला गाडी शिकवणारे उस्ताद. पन्नास वर्षं घाटातून मालट्रक चालवल्यावर आता ते ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या हाती देण्याआधी हा कागद उस्तादांच्या नजरेखालून जावा, असं शिष्याला वाटलं. खरं तर त्याला सल्ला नको होता, होकार हवा होता. आपण बहुतेक जण वडीलधाऱ्यांकडे जातो ते असेच.

कागदावर लिहिलं होतं, ‘माझा सहकारी मोतीराम हा गाडीच्या क्लचमध्ये मुद्दाम फेरफार करतो, तरी त्यास कामावरून कमी करावे.’

प्रकरण असं होतं. हे दोघे डोळ्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयाची गाडी चालवत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना गावोगावी घरी पोहोचवायचं, सकाळी याने आणि दुपारनंतर मोतीरामने. नऊ वर्षं दोघांच्या हाती एकच जुनी जीप होती. तिच्या क्लचच्या केबलला एक नट होता. तो फिरवला की पेडल किती सोडल्यावर क्लच पकडणार ते बदलायचं, त्यामुळे पाळी बदलली की जो तो आपल्या पायाच्या सोयीने नट फिरवून घेई. मात्र एक रीत दोघांनी कधी मोडली नव्हती. किल्ली देताना सांगायचं, ‘आज दोन फेरे आवळलाय.’ नऊ वर्षांची मैत्री त्या एका वाक्यावर उभी होती, म्हटलं तरी चालेल.

मग जीप गेली आणि नवी गाडी आली. पहिल्याच सकाळी ती रुग्णालयाच्या फाटकात तीनदा बंद पडली. चौथ्यांदा असा हिसका बसला की मागे बसलेल्या म्हातारीने पट्टी बांधलेल्या डोळ्यावर हात दाबून धरला. ती फक्त म्हणाली, “बाबा रे, जरा सांभाळून.” ते शब्द याला दिवसभर टोचत राहिले. आठवडाभर हेच चाललं, तेव्हा डॉक्टरांनी बोलावून स्पष्ट सांगितलं, “आणखी एका रुग्णाला धक्का बसला, तर तुम्हाला गाडीवर ठेवता येणार नाही.”

यावर माणसाने काय करावं? याने रखवालदाराला विचारलं, “मोतीरामकडे बंद पडते का रे?” तो म्हणाला, “नाही ब्वा, लोण्यासारखी जाते.” बस. इथून पुढे याचं डोकं सुसाट सुटलं. मोतीराम नट फिरवतो आणि सांगत नाही. हल्ली तो चहाला थांबत नाही, तेही त्यासाठीच. किल्ली देताना नजर चुकवतो. मी स्वतः संशयी माणूस आहे, म्हणून जाणतो. संशयाला एकदा जागा दिली की मग साधा नमस्कारसुद्धा पुरावा होतो.

पुरावा याने रीतसर गोळाही केला होता. पहिली शंका आली तेव्हाच, गाडी आल्याच्या तिसऱ्याच दिवशी, पाळी संपवताना, बॉनेटच्या फटीवर शिवणकामाचा लाल दोरा खळीने चिकटवला होता. दुसऱ्या सकाळी पाहतो तो दोरा तुटलेला.

“बघा उस्ताद,” तो म्हणाला, “आता आणखी काय पाहिजे?”

उस्तादांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आत जाऊन बारा नंबरचा पाना घेऊन आले आणि तो शिष्याच्या हातात ठेवला.

“गाडी आणलीयस ना? जा. तुझ्या पायाला जमेल तसा क्लच लावून घे. मग खुशाल दे कागद.”

शिष्य चमकला. म्हाताऱ्याला आपलं म्हणणं पटलं की तो आपली थट्टा करतोय, हे त्याला कळेना. म्हातारा मोतीरामच्या बाजूचा तर नाही, असाही विचार येऊन गेला. मोतीरामही शेवटी त्यांचाच शिष्य होता.

त्याने बॉनेट उघडलं. जीपमध्ये नट जिथे असायचा तिथे हात घातला. तिथे नव्हता. मग डावीकडे पाहिलं, खाली पाहिलं, शेवटी गाडीखाली आडवा झाला. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा सदरा काळा झाला होता आणि पाना कोराच होता.

“उस्ताद, नटच नाही.”

“मग मोतीराम काय फिरवत होता?”

 उस्तादांनी चिंचांची पाटी बाजूला सारली.

“या गाडीला केबलच नाही बाबा. क्लच तेलाच्या दाबावर चालतो. कुणी फिरवावं असं तिथे काही ठेवलेलंच नाही. आता ऐक. जीपची क्लचप्लेट एका दिवसात नाही झिजली. रोज केसभर झिजली आणि तुझा पाय रोज केसभर वर जात राहिला. शेवटी ती पार वरती, सोडता सोडता पकडायची, आणि तू समजलास की क्लच असाच असतो. ही नवी गाडी खालीच पकडते. पेडलही हलकं आहे, त्यामुळे पकडल्याचं पायाला कळत नाही. खालचा अर्धा भाग तू जुन्या सवयीने झटक्यात सोडतोस आणि गाडी मरते. झीज पायात घेऊन बसलास, आणि ती दुसऱ्याच्या हातात शोधतोयस.”

शिष्याने मान वर केली नाही. फक्त म्हणाला, “पण दोरा तुटला होता.”

“ते मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला विचार. चल, चपला काढ.”

पुढचा तासभर उस्तादांनी त्याला अनवाणी बसवलं आणि एक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. सपाट मैदानात, नुसता क्लच बोटभर-बोटभर सोडायचा. तीनदा गाडी मेली. चौथ्यांदा तळपायाला बारीक थरथर जाणवली, तिथेच त्याने पाय थांबवला, आणि गाडी आपसूक, आवाज न करता, पुढे सरकली. त्याला त्या म्हातारीची आठवण झाली आणि मनातून फार लाज वाटली.

दुपारी किल्ली देताना मोतीराम समोर आला. कागद अजून खिशात होता. शिष्याने विचारलं, “एक विचारू? गाडी आल्यावर तू बॉनेट उघडलं होतंस का?”

मोतीराम ओशाळला. “उघडलं होतं. तिसऱ्या दिवशी. पहिले तीन दिवस माझ्याकडूनही सारखी बंद पडायची रे. रुग्णांना सोडून आलो की माळावर एकटाच पाय बसवत राहायचो. मला वाटलं, तू नट आवळतोस आणि सांगत नाहीस.”

“मग?”

“मग शोधला. सापडला नाही. तेव्हापासून तुझ्याकडे बघायची लाज वाटते. चहाला कुठल्या तोंडाने थांबू?”

शिष्याच्या सगळं ध्यानात आलं. दोघांनी एकाच नटावर एकमेकांना चोर ठरवलं होतं. मोतीरामने मात्र बॉनेट उघडून पाहिलं आणि तो तिथेच थांबला, आणि आपण न बघता कागद लिहिला. त्याने तो कागद बाहेर काढला आणि मोतीरामच्याच हाती दिला. मोतीरामने तो उभ्यानेच वाचला, शेवटपर्यंत, आणि घडी घालून परत केला.

“चहा घेऊ या,” तो म्हणाला. “किल्ली राहू दे अजून तुझ्याकडे.”

माझ्या टेबलाच्या खणात असे दोन कागद पडून आहेत. ते पाठवण्याआधी मी एकदा बॉनेट उघडून पाहणार आहे.