दारापाशी कोण बसणार?

आयर्लंडात इंग्रज जाऊन नुकतंच तिथल्याच माणसांचं राज्य आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. पश्चिमेकडच्या दलदलीच्या मुलखात लोक कुजलेल्या झाडपाल्याच्या, जळणाऱ्या मातीच्या विटा कापतात, वाळवतात आणि सरपण म्हणून जाळतात. सरकारने जमीनदाराकडून ती दलदल घेतली खरी, पण लगेच कुंपण घालून टाकलं. गावाची चूलच विझली.

तिथले खासदार फेस्टस गेराटी तडक जमीनमंत्र्यांच्या दालनात आले. "साहेब, कुंपण काढा. शाळेत पोरं गारठलीत."

भिंतीतल्या शेकोटीला पाठ शेकत मंत्री हसले. "शाळेसाठी मुलं घरून एकेक वीट आणतात, ही जुनी रीत आहे. मीही नेत होतो. त्यात सरकारचा काय संबंध?"

गेराटींनी कोटाखालून घरातली शेवटची वीट काढली, शेकोटीत टाकली आणि मंत्र्यांचीच खुर्ची विस्तवापुढे ओढून बसले.

"अहो, हे काय चाललंय?"

"जुनी रीत, साहेब! वीट आणेल तो शेकोटीपाशी, न आणेल तो दारापाशी. तुम्ही आज घरून काय आणलंत?"

मंत्र्यांचे कान लाल झाले. दालनातलं सगळं सरपण सरकारी होतं. ते दारापाशी जाऊन उभे राहिले. फटीतून येणारा वारा पोटऱ्यांना झोंबला आणि लहानपणी त्यांच्या वर्गात दारापाशी कुडकुडणारा एक मुलगा त्यांना आठवला. त्याला त्यांनी कधी जवळ सरकू दिलं नव्हतं.

खाली बघतच त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत दारापाशी कोण बसतं?"

"आता सगळीच, साहेब."